तो रस नेमका कुणासाठी होता?

‘बायकोला स्तनाचा कॅन्सर आहे, केमो सुरू आहे. घरातले म्हणतात, केमोनं माणूस खंगतो, आयुर्वेद करा, साखर-दूध बंद करा, अमक्या वैद्याकडे न्या. ऐकलं नाही आणि काही कमीजास्त झालं तर दोष माझ्यावर. ऐकलं आणि बिघडलं तरी माझ्यावरच. मी काय करू?’

नाशिक रोडच्या एका वाचकानं हे विचारलं आहे. कॅन्सरच्या रुग्णाचा जोडीदार समोर येऊन बसला की थोड्याफार फरकानं मला हेच ऐकू येतं. उत्तरादाखल एका जोडप्याची हकिगत सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

भाऊसाहेब दिंडोरी तालुक्यातले द्राक्ष बागायतदार. मंगलताईंना दर २१ दिवसांनी केमो होती, दोन झाल्या होत्या. तिसरी पुढे ढकलावी लागली, कारण रक्ताच्या तपासणीत लिव्हरची एन्झाइम्स वाढलेली निघाली, म्हणजे लिव्हरला त्रास होत असल्याची खूण दिसली. ‘दुसरं काही घेताय का?’ असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा दोघांनीही मान हलवून नाही म्हटलं. खरं काय चाललंय ते गंगापूर रोडवरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हळूहळू बाहेर आलं. सकाळी उपाशीपोटी गुळवेलीचा काढा, मागोमाग गव्हांकुराचा रस, दुपारी लक्ष्मणफळाच्या पानांचा चहा, रात्री हळदीच्या कॅप्सूल. साखर, दूध, अंडी बंद. आणि पुतण्यानं मोबाईलवर पाठवलेला नवा उपाय: महिनाभर नुसती द्राक्षं खायची. केमो महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसली होती. खिशातून जे जात होतं ते या बाटल्या-डब्यांवर.

डॉक्टरांना का नाही सांगितलं? ‘ते ओरडतील, मॅडम,’ भाऊसाहेब म्हणाले. ‘आणि तेही बंद केलं तर मग मी करायचं काय? हातावर हात धरून बसू?’

मी मंगलताईंशी एकटीनं बोलायचं ठरवलं. त्यांचं वजन दीड महिन्यात ५४ वरून ४८ किलोवर आलं होतं. रस प्यायल्यावर मळमळतं का, विचारलं. म्हणाल्या, ‘उलटीच होते. पण हे रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाईल बघत बसतात. मी सगळं घेतलं म्हटलं की त्यांना जरा डोळा लागतो. म्हणून घेते.’

माझ्या अनुभवात हे फार घरांत घडतं. औषध घेणारी एक आणि आराम पडतो दुसऱ्याला. जोडीदाराची भीती इतकी मोठी असते की तिला रोज काहीतरी हातात द्यावं लागतं: वाटणं, गाळणं, उकळणं, शोधाशोध. त्यात प्रेम पुरेपूर आहे, म्हणून त्याची टिंगल करू नये आणि रागावूही नये. पण ही भीती रुग्णाच्या पोटातून जाऊ द्यायची नाही. तिची वेगळी सोय करायची.

तेव्हा मी भाऊसाहेबांना आधी पुरावे सांगितले नाहीत, त्यांची भीती विचारली. बराच वेळ गप्प बसून ते म्हणाले, ‘माझी आई अशीच गेली. तेव्हा पैसे नव्हते, काहीच केलं नाही.’ हे त्यांनी मंगलताईंनाही कधी सांगितलेलं नव्हतं. त्यानंतरच आम्ही एकेका उपायाकडे वळू शकलो.

द्राक्षांचा हा कल्प नवा नाही. १९२० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतल्या योहाना ब्रांट या बाईंनी नुसत्या द्राक्षांवर राहून कॅन्सर बरा होतो असा प्रचार केला होता. त्याला आधार देणारा पुरावा आजवर मिळालेला नाही. किलोभर द्राक्षांत प्रथिनं जेमतेम सात ग्रॅम असतात. उपचार चालू असलेल्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला एक ते दीड ग्रॅम लागतात, म्हणजे मंगलताईंना ५० ते ७० ग्रॅम. भाऊसाहेबांना हा हिशेब चटकन कळला आणि त्यांनीच पुढचा मुद्दा काढला: ‘गोडीचं माप अठरा ब्रिक्स आल्याशिवाय आम्ही माल काढत नाही. म्हणजे साखरच की ती. आणि घरात तर साखर बंद केलीय!’

साखरेच्या भीतीमागे एक खरी गोष्ट आहे. कॅन्सरच्या पेशी ग्लुकोज भराभर वापरतात, हे ऑटो वारबुर्ग या जर्मन शास्त्रज्ञानं शंभर वर्षांपूर्वीच दाखवलं होतं आणि शरीरात कॅन्सर कुठे आहे ते शोधणारा पेट स्कॅन याच गुणावर चालतो. पण आपण गोड सोडलं म्हणून त्या पेशी उपाशी मरत नाहीत. शरीर स्वतःच्या स्नायूंतून आणि चरबीतून ग्लुकोज तयार करतं. झिजतो तो रुग्ण. मधुमेह असेल तर गोष्ट वेगळी, तिथं डॉक्टर सांगतील तसंच वागायचं.

गुळवेलीबद्दल नाशिकमध्ये बोलणं अवघड जातं, कारण करोनाच्या दिवसांत ती घराघरांत गेली आणि लोकांचा तिच्यावर जीव आहे. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या लिव्हरला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली, आयुष मंत्रालयानं तिच्यावर आक्षेप घेतला. त्या वादात मी पडत नाही. पण केमोची बरीच औषधं लिव्हरमधूनच पार होतात. अशा वेळी लिव्हरवर आणखी भार कशाला? इथंही उत्तर भाऊसाहेबांनीच दिलं. ‘चालतं का ते विचारल्याशिवाय मी फवारणीच्या टाकीत दोन औषधं एकत्र घालत नाही,’ ते म्हणाले, आणि बायकोकडे बघून गप्प झाले.

कच्च्या रसाचा धोका मात्र लोकांच्या अजिबात लक्षात येत नाही. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सर्वांत खाली जातात. त्या दिवसांत नीट न धुतलेल्या पाल्याचा रस, उघड्यावर कापलेली फळं, कच्ची मोड आलेली कडधान्यं यांतून जंतुसंसर्ग होऊ शकतो. तीच मटकी शिजवून उसळ केली तर उत्तम. ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला तर सकाळची वाट पाहायची नाही, काढा-क्रोसिन करत बसायचं नाही, रात्र असली तरी हॉस्पिटल गाठायचं. गावाकडून येणाऱ्यांनी गाडी कोण काढणार हे आधीच ठरवून ठेवावं.

पुढच्या भेटीला ते सगळ्या बाटल्या पिशवीत घालून डॉक्टरांकडे गेले. ओरडा पडला नाही. डॉक्टरांनी एकेक लेबल वाचलं आणि सगळं थांबवायला सांगितलं. काही आठवड्यांत एन्झाइम्स उतरली, तिसरी केमो झाली. काढ्यामुळेच ती वाढली होती असं डॉक्टरांनी म्हटलं नाही आणि मीही म्हणणार नाही.

भाऊसाहेबांच्या हाताला मात्र काम हवंच होतं. ते फवारणीची वही वर्षानुवर्षं काटेकोर ठेवतात. तशीच एक वही मंगलताईंसाठी सुरू झाली: सकाळ-संध्याकाळचा ताप, वजन, काय आणि किती खाल्लं, उलटी, जुलाब, कुठली गोळी कधी. डॉक्टर आता आधी वही मागतात. काढा करून देणाऱ्या मंगलताईंच्या आई तो बंद झाल्यानं दुखावल्या होत्या, तर त्यांच्याकडे खाणं आलं. दूध घातलेली नाचणीची पेज, मऊ मुगाची खिचडी, उकडलेलं अंडं, तोंड आलं असेल तर बिनतिखटाचं पिठलं. दिवसातून सहा वेळा थोडं थोडं. डॉक्टरांना विचारून हलकी योगासनं आणि प्राणायाम सुरू केले. थकवा आणि झोप यांसाठी त्याचा चांगला उपयोग होतो. संध्याकाळी रामरक्षा होतीच, ती राहिली.

आता तुमच्याकडे येते. वैद्यांकडे जायला माझी हरकत नाही. चांगले वैद्य केमो थांबवायला सांगत नाहीत आणि कशात काय आहे ते लिहून देतात, म्हणजे तुमचे डॉक्टर ते पाहू शकतात. भस्मं आणि बिनलेबलच्या पुड्या मात्र नकोत, त्यांत पारा किंवा शिसं असू शकतं. ‘केमो सोडा, खात्रीनं बरं करतो’ म्हणणाऱ्याच्या दारातून परत फिरा. कॅन्सर बरा करण्याची जाहिरात करायला १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्यानंच बंदी आहे. येल विद्यापीठातल्या डॉक्टरांनी २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. बरा होण्याजोगा कॅन्सर असताना नेहमीचे उपचार नाकारून फक्त पर्यायी उपचार घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका अडीच पट आढळला, स्तनाच्या कॅन्सरमध्ये पाच पटींहून जास्त.

तुमच्या प्रश्नात घरचे सगळे बोलतात, फक्त तुमच्या पत्नी काय म्हणतात ते कुठेच नाही. आज रात्री त्यांना विचारा. मंगलताई मला म्हणाल्या होत्या, ‘नको म्हणायची सोय तरी ठेवा.’ आणि समजा केमो सोडून दुसरं काही करावंसं त्यांनाच वाटत असेल, तर वाद घालू नका, कशाची धास्ती आहे ते ऐका. बहुतेकदा ती उलट्यांची, केसांची, कुणावर तरी ओझं होण्याची असते. उलट्यांवर आता चांगली औषधं आहेत, पण त्रास सांगितला तरच ती बदलून मिळतात.

नातेवाईकांसाठी दोघांनी मिळून एकच वाक्य ठरवा: ‘डॉक्टरांना विचारून सांगतो.’ ते तुम्ही म्हणायचं, पत्नीवर ढकलायचं नाही. दोष कुणावर येईल याची धास्ती तुमची एकट्याची आहे, ती माझ्याकडे किंवा एखाद्या जिवलग मित्राकडे मोकळी करा.

पत्नीची पुढची केमो कधी आहे ते तुम्ही कळवलेलं नाही. घरात काढा, रस किंवा पावडर सुरू असेल तर तारखेची वाट पाहू नका. उद्या सकाळी डॉक्टरांना फोन करून काय काय चालू आहे ते सांगा. माझ्याकडे नंतर आलात तरी चालेल, आणि शक्य असेल तर दोघंही या.