मुंबई–लंडन: साडेपाच तास की दहा?

प्रश्न: मे महिन्यात लेकीकडे लंडनला जायचंय. पहिलाच विमानप्रवास. तिकिटावर मुंबईहून दुपारी १ वाजता निघून संध्याकाळी ६.३० ला पोहोच, आणि येताना रात्री ८.३० ला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी १० ला पोहोच असं छापलंय. जायला साडेपाच तास आणि यायला साडेतेरा? आमचे हे भूगोलाचे निवृत्त शिक्षक. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून ‘विमान तुर्कस्तानावरून जाणार’ असं त्यांनी जाहीर करून टाकलंय. शिवाय बीपीची गोळी मी रात्री ९ ला घेते. ती कुठल्या ९ ला घ्यायची?
– एक वाचक, सातारा

उत्तर: ताई, तिकिटावर निघायची वेळ निघण्याच्या गावची असते आणि पोहोचायची वेळ पोहोचण्याच्या गावची. मेमध्ये लंडनचं घड्याळ आपल्या साडेचार तास मागे असतं. (ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं मागे घेतात, मग हा फरक साडेपाच तासांचा होतो.) फरक ठाऊक नसला तरी एक युक्ती आहे. जाण्यायेण्याचे कागदावरचे तास एकत्र करा: साडेपाच आणि साडेतेरा, एकोणीस. जाताना जितके तास कमी दिसतात, तितकेच येताना जास्त दिसतात. त्यामुळे बेरीज खरी निघते. तुमच्या तिकिटात जायला दहा, यायला नऊ.

हा एक तास वाऱ्याचा. दहाबारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह वाहतो. जाताना तो समोरून येतो, परतताना पाठीशी असतो. माझी उभी नोकरी फ्लाइट डिस्पॅचमध्ये, मार्ग आणि इंधनाचे हिशेब मांडण्यात गेली. प्रवासी विचारतात अंतर किती, आम्ही आधी वारा बघायचो.

आता सरांची पट्टी. मुंबई–लंडन सर्वांत जवळचं अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. पण गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरली की सरळ रेघ जवळची राहत नाही. पृथ्वीगोलावर दोन शहरांमध्ये दोरा ताणून बघा म्हणावं: तो कराचीजवळून, इराणचा पूर्व भाग, कॅस्पियन समुद्र, युक्रेन, पोलंड असा बराच उत्तरेकडून जातो. म्हणजे सर चुकले? अंहं! फेब्रुवारी २०२२ पासून युक्रेनचं आकाश प्रवासी विमानांना बंद आहे. २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपली हवाई हद्द बंद केली आणि पुढे ती मुदत वाढवत नेली. अशी बंदी असली की आपली विमानं अरबी समुद्रावरून आखाताकडे आणि पुढे बहुधा तुर्कस्तानावरूनच जातात. पट्टीचं कारण चुकलं, उत्तर जमलं. विद्यार्थ्याला मात्र सरांनी यात अर्धेच गुण दिले असते.

लंडनच्या हीथ्रो विमानतळाजवळ विमान आकाशातच घिरट्या घालू लागलं तर घाबरू नका. उतरायला नंबर लागलेला असतो. आणि साताऱ्याहून मुंबईचे पाचसहा तास, वर विमानतळावर तीन तास आधी पोहोचायचं, हे दहामध्ये धरलेलं नाही. दमणूक खरी तिथेच होते.

गोळीचं: भारतात रात्रीचे ९ वाजतील तेव्हा तुम्ही विमानातच असाल, लंडनमध्ये संध्याकाळचे ४.३०. त्या दिवशीची गोळी आणि पुढची वेळ कशी सरकवायची ते निघण्याआधी डॉक्टरांनाच विचारा. त्यांना दहा तासांचा प्रवास आणि साडेचार तासांचा फरक, दोन्ही सांगा. गोळ्या चिठ्ठीसकट हातातल्या पिशवीत ठेवा, चकल्यांच्या डब्याबरोबर मोठ्या बॅगेत नकोत.