जुन्या होम कॉम्प्युटरवाल्यांचा हौशी गट कसा चालवावा?

प्रश्न असा आला होता: 'नाशिकमध्ये आम्ही सहासात जण आहोत. प्रत्येकाकडे ऐंशीच्या दशकातला एखादा होम कॉम्प्युटर आहे. रीतसर गट काढायचा तर नोंदणी करावी का, वर्गणी किती ठेवावी आणि लोक आपली यंत्रं आणून देतात ती कुठे ठेवावीत?'

तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. नोंदणी किंवा वर्गणीवरून गट मोडलेला मी पाहिला नाही. कपाटावरून मोडलेला पाहिलाय, आणि मोडणाऱ्या दोघांपैकी एक मी आहे.

२०११ च्या उन्हाळ्यात, एका बुधवारी, पुण्याच्या जुन्या बाजारात एका चादरीवर रिमोट, चार्जर आणि मिक्सरची भांडी मांडलेली होती. त्यात एक काळा कीबोर्ड दिसला. विकणाऱ्याच्या लेखी तो नुसता कीबोर्डच होता, तोही वायर नसलेला. मला मात्र कोपऱ्यातला तिरपा रंगीत पट्टा दिसला आणि काळजाचा ठोका चुकला. डीबी स्पेक्ट्रम प्लस! सिंक्लेअर या ब्रिटिश कंपनीचा स्पेक्ट्रम प्लस, म्हणजे कीबोर्डच्या पोटातच सगळा संगणक, आपल्याकडे डेसिबेल्स कंपनीने परवाना घेऊन काढला होता, तो. मी उचलायला गेलो तर दुसऱ्या टोकाला आणखी एक हात. माझ्याच वयाचे गृहस्थ, डोक्यावर हेल्मेट तसंच. ओढाओढी शोभली नसती, म्हणून दोघांनी मिळून घासाघीस केली. भाव दीडशेवर आला. माझ्या खिशात शंभराची एकच नोट होती, पन्नास त्यांनी घातले. 'आधी चालू तर होऊ दे, मग ठरवू कुणाचा ते,' असं ते म्हणाले.

ते आजतागायत ठरलेलं नाही.

त्या रविवारी ते माझ्याकडे आले. रबरी बटणांचा पहिला स्पेक्ट्रम मामाने १९८४ साली लंडनहून मला आणला होता. त्याला पडदा म्हणून घरचा टीव्हीच जोडायचा, पण त्याचा सिग्नल यूएचएफच्या ३६ व्या चॅनलवर आणि आमच्या टीव्हीला फक्त व्हीएचएफ, त्यामुळे पहिले तीन महिने मी पडदा न बघता, नुसत्या आवाजावरून प्रोग्रॅम लिहायचो. हे त्यांना सांगितलं तर हसायच्या ऐवजी त्यांनी विचारलं, 'बीप कुठल्या बटणावर होतं, आठवतंय?' (स्पेक्ट्रमवर एकेका बटणाला अख्खी आज्ञा नेमलेली असते, बीप ही आवाज काढायची.) हा माणूस आपला आहे हे मला तिथेच कळलं. महिनाभरात आम्ही चौघे झालो, वर्षभरात पंचवीस. ते खजिनदार झाले. खजिना म्हणजे बिस्किटाच्या डब्यातले अकराशे रुपये, पण नाव पडलं ते पडलं. मीही इथे त्यांना खजिनदारच म्हणणार आहे.

आता बीबीसी मायक्रोची, म्हणजे ब्रिटनच्या बीबीसीच्या नावाने निघालेल्या होम कॉम्प्युटरची गोष्ट. १९८४ साली केंद्र सरकारने 'क्लास' नावाचा प्रकल्प काढून निवडक शाळांना हे संगणक दिले होते. (पुढे मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सने 'युनिकॉर्न' नावाने त्याची देशी आवृत्तीही काढली. १९८९ साली त्या कारखान्याला आग लागली. ते वेगळंच रडगाणं आहे, इथे नको.) अशाच एका शाळेतल्या निवृत्त बाईंनी भंगारात निघालेला एक बीबीसी स्वतःच्या पैशाने सोडवून घरी ठेवला होता. २०१४ मध्ये त्यांनी तो रिक्षाने आणून आमच्या हवाली केला. अट एकच घातली, 'मुलांना हात लावू द्या. आमच्या शाळेत तो कायम कुलपात असायचा. निरीक्षक आले की निघायचा.' मी 'हो बाई' म्हणालो. कागद नाही, पावती नाही, फक्त 'हो बाई'.

पुढच्या रविवारी एका शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात आमचं छोटं प्रदर्शन होतं. बीबीसी मांडायचा असं मी ठरवलं. खजिनदार म्हणाले, 'पॉवर सप्लाय उघडून बघितल्याशिवाय लावू नका.' मी घरी पाच मिनिटं लावून बघितला होता. तो 'बूऽ-बीप' असा दोन सुरांत जागा झाला, पडद्यावर 'बीबीसी कॉम्प्युटर ३२के' उमटलं, मला रडू आलं आणि मी बंद केला. पाच मिनिटं चालला म्हणजे पाच तास चालेल, असा माझा हिशेब.

ज्यांना माहीत आहे ते आत्ताच हसत असतील. बीबीसीच्या पॉवर सप्लायमध्ये मेन्सच्या, म्हणजे भिंतीतून येणाऱ्या विजेच्या, तोंडाशी रिफा कंपनीचे पारदर्शक पिवळसर कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे भाग) असतात. आत कागद, बाहेर रेझिनचं कवच. वर्षानुवर्षांत कवचाला तडे जातात, ओल आत शिरते आणि मग एक दिवस... आमच्याकडे तो दिवस सव्वाअकराला उजाडला. चौथीतला एक मुलगा स्वतःचं नाव पडद्यावर सारखं सारखं छापत होता. 'फट्' असा आवाज झाला आणि यंत्राच्या मागून पांढरा धूर निघाला. असा तसा नाही, सत्यनारायणाला करतात तेवढा. वास मात्र सडक्या माशाचा आणि जळक्या प्लॅस्टिकचा. शिपायाने धावत जाऊन अख्ख्या इमारतीचा मेन स्विच पाडला. वरच्या मजल्यावर भजनी मंडळाचा सराव चालला होता, त्यांचा माईक गेला आणि टाळ नुसतेच वाजत राहिले.

पण ऐका. धूर निघाल्यापासून मेन पडेपर्यंत जी वीसेक सेकंदं गेली, त्यात त्या मुलाचं नाव पडद्यावर धावतच होतं. ते कपॅसिटर फक्त मेन्सची खरखर गाळायला असतात. ते गेले म्हणून संगणक थांबत नाही. बाई पहिल्या बाकावर बसल्या होत्या. नाकाला पदर लावून त्यांनी शांतपणे विचारलं, 'मग, चालू आहे ना अजून?'

चालूच होता. साठेक रुपयांचे दोन कपॅसिटर तपकीर गल्लीतून आणले, बुधवारपर्यंत यंत्र ठणठणीत झालं. गटाचं काय झालं ते मात्र आजवर दुरुस्त झालेलं नाही.

त्या संध्याकाळी खजिनदारांनी ठराव मांडला. देणगीत आलेली सगळी यंत्रं (तेव्हा सतरा होती) एकाच ठिकाणी, लोखंडी कपाटात, म्हणजे त्यांच्या घरी ठेवायची. त्यांनी तपासल्याशिवाय एकही चालू करायचं नाही. ठराव पास झाला. विरोधात मी एकटाच, आणि माझ्या कपड्यांना अजून तो वास येत होता, त्यामुळे माझं कोण ऐकणार?

पुढे काय झालं ते सांगतो, कारण तुमच्याकडेही हेच होईल. लोक बैठकीला यायचे ते यंत्रं बघायला. आता यंत्रांची यादी बघायला मिळू लागली. पंचवीसचे बारा झाले, बाराचे पाच. मग खजिनदार मुलीकडे सहा महिने बंगळुरूला गेले आणि किल्ली त्यांच्याबरोबर गेली. त्याच काळात बाईंचा फोन आला. नातू आलाय, बीबीसी बघायचाय म्हणतो, आणू का? मी काय सांगणार? 'बाई, कुलपात आहे'? तेच सांगितलं. त्या म्हणाल्या, 'बरं,' आणि फोन ठेवला. त्या 'बरं'वरून मी खजिनदारांशी फोनवर भांडलो. शेवटी ते म्हणाले, 'तुम्हाला यंत्रं नकोत, टाळ्या हव्यात.' २०१७ पासून आमचं बोलणं नाही.

त्यांचं म्हणणं, प्रत्येक वेळी चालू करताना यंत्राचं आयुष्य खर्ची पडतं. माझं म्हणणं, बंद कपाटात ते फुकट जातं. स्पेक्ट्रमच्या कीबोर्डखालची मेम्ब्रेन, म्हणजे बटणांखालची प्लॅस्टिकची पातळ पट्टी, वापरा नाहीतर ठेवा, कडक होऊन मोडतेच. अमिगा ५०० प्लस या संगणकाच्या बोर्डावरची बॅटरी कपाटात बसल्या बसल्या पाझरते आणि तांब्याच्या रेषा खाऊन टाकते. प्रोग्रॅम साठवलेल्या कॅसेटींना पुण्याच्या पावसाळ्यात पांढरी बुरशी धरते, टेपरेकॉर्डरचे पट्टे वितळून डांबर होतात. वर्षातून चार वेळा चालू केलेल्या यंत्राचा आजार निदान कळतो. कुलपातल्याचा एकदम तेराव्यालाच कळतो. आपण वापरकर्त्यांचा गट काढतोय. संग्रहालय काढायचं असेल तर ते काढा, तिकीट लावा, पण मग गट म्हणू नका.

तर यंत्रं कुठे ठेवावीत? कुठेही, पण एका घरी नकोत. एका माणसाकडे तीनच्या वर नकोत, आणि दर सहा महिन्यांनी फिरवा. यंत्र हातात घेतानाच वहीत लिहा आणि देणाऱ्याची सही घ्या: देणगी, उसनं की नुसतं सांभाळायला. तिन्हींचा अर्थ वेगळा आहे आणि दहा वर्षांनी तो कुणाला आठवत नाही. देणाऱ्याने अट घातली असेल तर त्याच्याच शब्दांत लिहा. आमच्या वहीत बाईंचं ते एक वाक्य असतं, तर तो ठराव पास झाला नसता, असं मला वाटतं. खजिनदारांना तसं वाटत नाही, हेही मला माहीत आहे.

नोंदणीचं म्हणाल तर आत्ता नको. सोसायटी म्हणून नोंदवायला किमान सात जण लागतात, पुढे धर्मादाय आयुक्तांकडे न्यास म्हणून नोंद, दरसालचे हिशेब, विश्वस्त बदलला की चेंज रिपोर्ट. सहा जणांतले चार ह्यातच खपतील. वर्गणी हॉलच्या भाड्याइतकीच घ्या. शिल्लक पडली की भांडण सुरू होतं, अकराशे रुपयांवरूनही होतं.

बैठक कशी घ्यायची हे तुम्ही विचारलं नाहीत, पण तेच विचारायला हवं होतं. कॅलिफोर्नियात मेन्लो पार्कच्या एका गॅरेजमध्ये ५ मार्च १९७५ ला होमब्रू कॉम्प्युटर क्लब हा हौशी संगणकवाल्यांचा गट पहिल्यांदा भरला. पुढे ली फेल्सेनस्टीन बैठका चालवायचे. त्यांनी दोन भाग पाडले होते. आधी 'मॅपिंग': कुणाकडे काय आहे, कुणाला काय हवंय, ते ज्याने त्याने उभं राहून थोडक्यात सांगायचं. मग 'रँडम ॲक्सेस': सभा संपली, आता ज्याला ज्याची गरज त्याने त्याला गाठावं. आम्ही सुरुवातीला हेच करायचो. 'माझ्याकडे दोन मेम्ब्रेन आहेत, मला सी-६४ चा (म्हणजे कमोडोर ६४ या होम कॉम्प्युटरचा) अडॅप्टर हवा,' असं म्हणून माणूस बसायचा आणि चहाला त्याच्याभोवती चार जण असायचे. भाषणं ठेवाल तर लोक झोपतील.

अडॅप्टरवरून आठवलं. स्पेक्ट्रमला नऊ व्होल्ट लागतात, पण आतली पिन ऋण. आपल्याकडच्या राउटरचा अडॅप्टर तसाच दिसतो आणि आतली पिन धन असते. आमच्याकडे एकाने घाईत तो लावला. प्रत्येक अडॅप्टरवर यंत्राचं नाव पांढऱ्या चिकटपट्टीवर लिहा. कमोडोर ६४ चा मूळ वीटेसारखा अडॅप्टर तर लावूच नका. तो बिघडला की पाच व्होल्टच्या तारेवर जास्त व्होल्टेज सोडतो आणि मेमरीचे चिप घेऊन जातो.

हे सगळं वाचून खजिनदार वाईट माणूस होता असं वाटेल. तसं नाही. सतरापैकी अकरा यंत्रं त्यांनी चालू केली, एक पैसा न घेता, रात्री बारापर्यंत बसून. धुराच्या दिवशी चूक शंभर टक्के माझी होती. मुलं दोन हातांवर होती आणि मी न उघडलेला सप्लाय २३० व्होल्टला लावला होता. ठराव मांडायचा त्यांना हक्क होता, किल्ली बंगळुरूला न्यायचा नव्हता. आणि हो, पॉवर सप्लाय उघडायचं ज्याला येतं त्यानेच उघडा. बंद केल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट बसलेले असू शकतात.

रिफाच्या जागी बसणारे एक्स-टू दर्जाचे (मेन्सवर लावायचे) कपॅसिटर माझ्याकडे वीसेक आहेत. २०१४ नंतर घाबरून डझनाने आणले होते. नाशिकला बीबीसी निघाला तर कळवा, पाठवून देतो. जुन्या बाजारातला तो स्पेक्ट्रम प्लस मात्र मागू नका. तो अजून खजिनदारांच्या कपाटात आहे, आणि हिशेबाने त्यातला दोन तृतीयांश माझा आहे.