मे महिन्यात यवतमाळहून गडचिरोलीला मोटारसायकलने जायचंय. उन्हासाठी काय तयारी करावी?

पहाटे चारला निघा, अकराच्या आत पोहोचा; चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ पार करतो. हवा चाळिशीपुढे गेली की वारा थंडावा देत नाही, उलट अंग तापवतो. म्हणून पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, हेल्मेटची काच खाली, मानेभोवती ओला दुपट्टा. तो लवकर वाळतो, प्रत्येक थांब्यावर भिजवा. तहान नसली तरी तासाला अर्धा-पाऊण लिटर पाणी. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच.

प्रवासाला निघण्याआधी, टायर थंड असताना, त्यात हवा कंपनीने सांगितली तेवढीच भरा. ‘उन्हाळ्यात कमी ठेवा’ हे ऐकू नका: कमी हवेचा टायर जास्त दबतो, जास्त तापतो.

चक्कर, मळमळ आली तर लगेच सावली गाठा. बोलणं बरळू लागलं तर अंगावर पाणी, वारा आणि १०८.