पाणी वापर संस्थेच्या संचालकांची ओळख कशी करून घ्यावी?

प्रश्न : मोहोळ तालुक्यात उजनीच्या कालव्यावर आमची थोडी शेती आहे. कालव्याचे पाणी शेतकऱ्यांत वाटणाऱ्या पाणी वापर संस्थेचे संचालक बिनपगारी काम करतात असे ऐकतो. त्यांच्याशी परिचय कसा करावा?

उत्तर : 2005च्या सिंचन व्यवस्थापन कायद्याने हे संचालक आपल्यासारख्या लाभधारकांतूनच निवडले जातात आणि शीर्ष, मध्य व पुच्छ (कालव्याच्या सुरुवातीचा, मधला व शेवटचा) या तिन्ही भागांना संचालक मंडळात प्रतिनिधित्व असते, म्हणून प्रथम आपले शेत कोणत्या भागात येते ते पाहून त्या भागाच्या संचालकांना भेटावे. पाण्याची पाळी सुरू झाल्यावर चिडून फोन करण्यापेक्षा आवर्तनापूर्वी, म्हणजे कालव्याला पाणी सुटण्याआधी, चारीतला गाळ व झाडोरा काढण्याचे काम चालू असताना जाणे अधिक फलदायी, कारण तेथे ते निवांत बोलतात. (चहा बहुधा तेच पाजतात.) लघुवितरिकेच्या (कालव्याच्या लहान फाट्याच्या) मुखाशी पाणी कसे मोजतात, हे त्यांच्यासोबत उभे राहून पाहावे, संस्थेला पाणी घनमापनाने, म्हणजे आकारमान मोजून, मिळत असल्याने शेवटच्या शेतापर्यंत ते का पोहोचले नाही, याचा उलगडा पुष्कळदा त्या मोजपट्टीपाशीच होतो. वार्षिक सर्वसाधारण सभा मात्र चुकवू नये. कालव्याला पाणी केव्हा सोडायचे हे कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरते, त्यामुळे आवर्तन लांबल्याचा राग संचालकांवर काढू नये.