फटीत बसलेला आयन कसा मोजायचा?

प्रश्न : डीएनए म्हणजे दुहेरी पीळ, हेच मी आयुष्यभर शिकवलं. आता नात म्हणते, त्याची चौपदरी घडीही पडते. खरं का? (निवृत्त शिक्षक, दांडिया बाजार, वडोदरा)

नात बरोबर सांगते. ग्वानीन हे डीएनएच्या चार अक्षरांपैकी एक. ते जिथे दाटीने येतं, तिथे चार ग्वानीन चौरंगासारखे एका पातळीत जुळतात. ही रचना 1962 मध्येच ओळखली गेली. असे चौरंग एकावर एक आले की मधल्या फटीत पोटॅशियमचा आयन (भारित अणू) बसतो आणि घडी टिकते. गुणसूत्रांच्या टोकांशी अशी घडी पडू शकते.

प्रश्न : घडी पडल्याने वस्तुमान बदलत नाही. मग रेणूंचं वस्तुमान मोजणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरला ती कळते कशी? (एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, सयाजीगंज)

फार नेमकी शंका आहे. घडी दिसत नाही, तिने धरलेले आयन दिसतात. तीन चौरंगांत दोन फटी, म्हणून दोन पोटॅशियम. एक पोटॅशियम आला की एक प्रोटॉन जातो, म्हणजे वस्तुमान 38 डाल्टनने (रेणूंच्या वस्तुमानाचं एकक) वाढतं. यंत्र वस्तुमान भागिले भार मोजतं, म्हणून रेणूवर चार ऋण भार असतील, तर आलेखावरचं शिखर 9.5 ने सरकतं. शून्य, एक आणि दोन आयनांचे रेणू वेगवेगळे मोजता येतात. इतर अनेक पद्धती सगळ्यांची सरासरीच देतात, म्हणून मला ही पद्धत मोलाची वाटते.

मात्र पोटॅशियम डीएनएच्या फॉस्फेटच्या कण्याला बाहेरूनही चिकटतं. त्यासाठी तेवढ्याच लांबीचा, त्याच अक्षरांचा, पण घडी न पडणारा धागा त्याच द्रावणात मोजा आणि त्याचं चिकटणं वजा करा. हे न करता काढलेला आकडा मी मानत नाही.

प्रश्न : नेहमीच्या बफरमध्ये (आम्लता स्थिर राखणाऱ्या द्रावणात) 100 मिलिमोलर पोटॅशियम क्लोराईड घातलं, तर शिखरंच हरवली. अमोनियम ॲसिटेट वापरू का? (संशोधक विद्यार्थी, वडोदरा)

पोटॅशियमचं मीठ उडून जात नाही. यंत्रात फवारलेला थेंब सुकताना ते रेणूवरच साचतं. अमोनियम ॲसिटेट उडून जातं, पण अमोनियम आकाराने पोटॅशियमच्या जवळपास असल्याने स्वतःच फटीत जाऊन बसतो. 2014 मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोच्या गटाने मार्ग दाखवला : 100 मिलिमोलर ट्रायमिथाइल अमोनियम ॲसिटेट आणि सोबत फार तर 1 मिलिमोलर पोटॅशियम क्लोराईड. ट्रायमिथाइल अमोनियमचा मोठा आयन फटीत मावत नाही.

सुरुवात थ्रॉम्बिनला (रक्त गोठवणारं प्रथिन) बांधणाऱ्या 15 अक्षरी ॲप्टामरने, म्हणजे ठरावीक रेणूला धरणाऱ्या छोट्या डीएनए धाग्याने करा. त्यात दोन चौरंग, म्हणजे एकच फट. बाहेरचं चिकटणं वजा केल्यावर एकच आयन उरतो का, ते आधी पाहा.