खेकड्याचं बीळ

प्रिय बाय,

तुझा मेसेज तीनदा वाचला. "नेमकं काय करायचं ते आधी कळू दे सर, मग मन लावून करीन." खरं सांगतो, राग आला. पेटी वाजवणं सोडलंस, एम.ए. अर्धं टाकलंस, आता वेर्ण्याची नोकरीही नको म्हणतेस. कळायची वाट किती बघणार?

आम्ही मडकईच्या खाजनातले, म्हणजे खाडीकाठच्या खारजमिनीतले. भरतीला खाडीचं पाणी शेतापेक्षा उंच चढतं, मध्ये फक्त मातीचा बांध. बांधातल्या मानशीचं, म्हणजे पाण्याच्या वाटेचं, लाकडी दार भरतीला आपसूक मिटतं, ओहोटीला उघडतं. बांधाचं तसं नाही. वडील रोज संध्याकाळी त्यावर चक्कर मारायचे. खेकड्याचं बीळ दिसलं की टाचेने चिखल दाबायचे, वर पेंढा, पुन्हा चिखल. पाच मिनिटं. यात मन रमतं का, असं त्यांना कुणी कधी विचारलं नाही.

ते गेल्यावर चक्कर माझ्याकडे आली. मी पणजीत कारकून. शेवटची बस, थकवा, रविवारी बघू. 1964 च्या कूळ कायद्याने बांध कुळांच्या संघटनेकडे गेला, मग मी एकट्यानेच का मरावं, हेही होतंच. श्रावणातल्या अमावास्येच्या भरतीला बांध फुटला. ते बीळ मी दोन रविवार आधी पाहिलं होतं. कोरगूट भात खारेपण सोसतं गं, पण दिवसातून दोनदा आत शिरणारी खाडी कशी सोसणार? आता तिथे खारफुटी माजलीय. लोक गाडी थांबवून फोटो काढतात.

नोकरी नसती तर घर कसं चाललं असतं? तीन बहिणींची लग्नं त्याच पगारावर झाली. मी चुकलो असं मी म्हणतच नाही. पण पाच मिनिटं होती माझ्याकडे.

म्हणून सांगतो, चक्कर मार. मन लागो न लागो, चक्कर मार. नोकरी सोडायची तर सोड, पोर्तुगीज पासपोर्ट काढून लिस्बनला जायचं तर जा, त्यातलं मला काही विचारू नकोस. पण एक काहीतरी धर आणि तिथली चक्कर चुकवू नकोस. कंटाळा आला, ताप आला, पाहुणे आले, तरी.

पेटीच धर ना. भात्याला भोक पडलंय म्हणाली होतीस. फोंड्यात एक दुरुस्तीवाला माझ्या ओळखीचा आहे. शनिवारी घेऊन ये, बाराच्या आत. दुपारी मी झोपतो.

तुझा,
सर