बॉक्स टर्टल हिवाळ्यात घरात कसं ठेवावं? गॅरेजमध्ये खोक्यात ठेवलं तर चालेल का?

गॅरेज नको. बाकीचं उत्तर सावकाश वाचा, पण कासव आज रात्रीच घरात आणा.

तुम्ही लिहिलंय की ओहायोतल्या कोलंबसजवळ राहता, शेजारी गाव सोडून जाताना त्यांचं ईस्टर्न बॉक्स टर्टल तुमच्या लेकीला देऊन गेले, उन्हाळाभर ते मागच्या अंगणातल्या कुंपणात मजेत होतं आणि ऑक्टोबर लागल्यापासून खाणं सोडून कोपऱ्यात माती उकरून बसतंय. बहुतेक ते आजारी नाही. दिवस लहान झाले, रात्री थंड झाल्या, हे त्याला तुमच्या-माझ्या आधी कळतं. मी शिकागोजवळ राहते आणि आमच्याकडे थ्री-टोड बॉक्स टर्टल आहे, एका रेस्क्यू संस्थेकडून आणलेलं. जात थोडी वेगळी, पण हिवाळ्यातली उस्तवार तीच.

आधी गॅरेजचं. रानातलं बॉक्स टर्टल थंडीत पालापाचोळ्याखाली, मातीत शिरून झोपतं आणि साधारण एप्रिलमध्ये वर येतं. थंडी सोसण्याची त्याची ताकद अचाट आहे. अंगातल्या निम्म्याहून जास्त पाण्याचा बर्फ झाला तरी ते जगू शकतं, हे प्रयोगांतून सिद्ध झालंय. पण त्या झोपेसाठी 40 ते 50 अंश फॅरनहाइट असं एकसारखं तापमान लागतं, आणि पोट पूर्ण रिकामं लागतं. म्हणजे आधी दोन-तीन आठवडे उबेत ठेवून खाणं बंद करायचं, कोमट पाण्यात बसवून आतडी मोकळी होऊ द्यायची आणि मग हळूहळू गार करत न्यायचं. गॅरेजमध्ये ऊन पडलेल्या दिवशी 58 अंश, रात्री 30 अंश, मधेच कुणी गाडी आत आणली की पुन्हा ऊब. 50 ते 60 च्या दरम्यान कासवाला ना धड झोप लागते ना धड जाग राहते. अन्न पचत नाही, पोटातलं पोटात कुजतं, अंगावरची चरबी मात्र जळत राहते आणि रोगाशी लढायची ताकद घटते. अशी कासवं फेब्रुवारी-मार्चमध्ये दगावतात आणि घरचे म्हणतात, झोपेतच गेलं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. ज्या कासवाचा पूर्वेतिहास माहीत नाही, वजनाची नोंद नाही, डॉक्टरांनी तपासलेलं नाही, त्याला पहिल्या वर्षी झोपवू नये. पूर्ण जागं ठेवावं. झोपवणं चूक नाही, जाणकार लोक दरवर्षी करतात, पण तुमच्यासाठी ते पुढच्या वर्षी.

जागं ठेवायचं म्हटलं की सगळे दिव्यांच्या मागे लागतात. दिवे लागतातच, त्यावर पुढे येते. पण घरात आणलेल्या बॉक्स टर्टलला जास्त छळतो तो कोरडेपणा. आपल्या घरातला फर्नेस एकदा सुरू झाला की हवेतला ओलावा 30 टक्क्यांच्या खाली सहज जातो. आपले ओठ फुटतात, लाकडी दारांना फटी पडतात. हा प्राणी पूर्व अमेरिकेतल्या दमट जंगलाच्या जमिनीवरचा, त्याला 70 ते 80 टक्के ओलावा लागतो. कोरड्यात त्याचे डोळे सुजतात, मग त्याला दिसत नाही, दिसत नाही म्हणून खात नाही, आणि आपण म्हणतो थंडीमुळे खात नसेल.

हा ओलावा हवेत फवारून टिकत नाही, तो जमिनीतून यावा लागतो. कासव ज्या पेटीत ठेवाल तिच्यात कोकोपीट आणि साधी माती (खत किंवा पांढरे दाणे न मिसळलेली) निम्मी-निम्मी घ्या, चार ते सहा इंच थर द्या, वर पालापाचोळा आणि थोडं स्फॅग्नम मॉस, म्हणजे पाणी धरून ठेवणारं शेवाळ. पाणी वरून शिंपडत बसण्यापेक्षा कोपऱ्यात ओता, म्हणजे ते तळाशी उतरतं. वरचा थर जेमतेम ओलसर आणि खालचा माठाखालच्या वाळूसारखा गार, ओला हवा. वरचा थर सतत चिकचिकीत राहिला तर पोटाकडचं कवच सडायला लागतं, तेव्हा तिथे हात आखडता घ्या. देवदार किंवा पाइनचा भुसा वापरू नका, त्यातल्या तेलांचा वास फुप्फुसांना बाधतो. पेटीच्या वरच्या उघड्या तोंडाचा तीन चतुर्थांश भाग प्लॅस्टिकच्या जाड शीटने झाका. ओलावा मोजायचं यंत्र भिंतीवर उंच लावून उपयोग नाही, मोजणी कासवाच्या नाकाच्या उंचीवर करा.

पेटी कमीत कमी चार फूट बाय दोन फूट. काचेची टाकी नको. आरपार दिसतंय आणि जाता येत नाही, हे त्याच्या डोक्यात शिरत नाही आणि ते दिवसभर काचेला धडका देत बसतं. लाकडी खोकं करून आत प्लॅस्टिकचं अस्तर लावलं की झालं. भिंती दीड फुटाच्या हव्यात. बॉक्स टर्टल चढण्यात पटाईत असतं, कोपऱ्यात पाय रोवून वर येतं. दोन्ही टोकांना लपायला जागा द्या, एक उबदार बाजूला, एक गार बाजूला.

आता दिवे. एका टोकाला उष्णतेचा दिवा, त्याखाली 85 अंश. दुसऱ्या टोकाला 70 ते 75. रात्री 65 पर्यंत गेलं तरी चालतं. त्याखाली जात असेल तर उजेड न देणारा सिरॅमिक हीटर थर्मोस्टॅटवर लावा. तापणारे दगड विकत मिळतात, ते घेऊ नका, पोट भाजतं. दुसरा दिवा यूव्हीबीचा, म्हणजे उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणारा, तोही लांब नळीचा, पाच-सहा टक्के यूव्हीबीवाला. हा नसेल तर अंगात डी3 जीवनसत्त्व पुरेसं तयार होत नाही आणि कॅल्शियम खाऊनही कवच मऊ पडतं. खिडकीत उन्हात ठेवलं तर चालेल का, असं तुम्ही विचारणार असाल तर नाही, खिडकीची काच नेमके तेच किरण अडवते. नळी दिसायला वर्षानुवर्षं जळते, पण यूव्हीबी आधीच ओसरलेला असतो, म्हणून साधारण वर्षाने बदला. दोन्ही दिवे टायमरवर, दिवसाचे 12 ते 14 तास. यात कंजुषी केलीत तर बाहेरचा लहान दिवस जिंकतो आणि पेटी कितीही ऊबदार असली तरी कासव झोपायच्या तयारीला लागतं.

खाण्यावर मला थोडं जास्त लिहावंसं वाटतं, कारण आपल्या मराठी घरांत खरी अडचण इथेच येते. बॉक्स टर्टल शाकाहारी नाही. काकडी आणि लेट्यूसवर त्याला ठेवणं म्हणजे हळूहळू उपाशी मारणं. गांडूळ आणि गोगलगाय हे त्याचं पक्वान्न. मासे धरायच्या दुकानात गळाला लावायची मोठी गांडुळं डब्यात मिळतात आणि ती फ्रिजमध्येच टिकतात. आमच्याकडे त्या डब्यावर मार्करने ठळक लिहिलेलं असतं, कारण पाहुणे श्रीखंड समजून काहीही उघडतात. सासूबाई आल्या की डबा तळघरातल्या फ्रिजमध्ये जातो आणि त्यावर कुणी काही बोलत नाही. कंपोस्टमधली लाल गांडुळं मात्र बरीच कासवं थुंकून टाकतात, त्यांची चव कडू असावी. गांडुळांबरोबर मश्रूम, बेरी, उकडलेलं रताळं, किसलेला लाल भोपळा किंवा बटरनट स्क्वॉश, कोलार्डची पानं द्या. पालक रोज नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवतं. कुत्र्याचं खाणं द्यायचा सल्ला जुने लोक देतात, मी देणार नाही. आठवड्यातून दोनदा खाण्यावर चिमूटभर कॅल्शियम पूड. मोठ्या कासवाला एक दिवसाआड खाणं पुरतं.

खात नसेल तर ही युक्ती करा. सकाळी दिवे लागल्यावर अर्ध्या तासाने पेटीत कोमट पाणी फवारा आणि लगेच वळवळणारं गांडूळ समोर टाका. रानात पाऊस पडून गेला की ही कासवं चरायला बाहेर पडतात, त्यामुळे ओल्या पानांचा वास आला की यांचं डोकं वर येतं. लाल रंगावर यांचा जीव, म्हणून स्ट्रॉबेरीही चालते. आणि आठवड्यातून दोनदा, हनुवटी बुडणार नाही इतक्या कोमट पाण्यात 15-20 मिनिटं बसवा. ते पाणी पितं आणि त्याच पाण्यात शी करतं, तेव्हा हे काम स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये करायचं नाही. साल्मोनेला हा माणसाला जुलाब-ताप आणणारा जंतू धडधाकट कासवाच्या अंगावरही असतो. चार इंचांहून लहान कासवं विकायला अमेरिकेत 1975 पासून बंदी आहे ती याच कारणाने, लहान मुलं ती तोंडात घालायची. लेकीला दर वेळी साबणाने हात धुवायची शिस्त लावा, कासवाचा मुका घेणं बंद.

दर आठवड्याला त्याच वारी वजन करा आणि लिहून ठेवा. महिनाभर खाणं कमी असूनही वजन टिकून असेल तर घाबरू नका, वजन सतत उतरत असेल तर थांबू नका. नाकाशी बुडबुडे, तोंड उघडून श्वास, मान लांब करून घरघर हे फुप्फुसाचं दुखणं. कानाच्या जागी एका बाजूला गाठ आली तर तो पू असतो, बरेचदा अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेतून होतो आणि डॉक्टरांनाच कापून काढावा लागतो. अ जीवनसत्त्वाचे थेंब इंटरनेटवरून मागवून घरी देऊ नका. जास्त झालं तर कातडी सोलून निघते. कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर कासवं पाहत नाहीत, म्हणून सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेले डॉक्टर आत्ताच शोधून ठेवा, जानेवारीतल्या बर्फाच्या रात्री शोधत फिरू नका.

डिसेंबरात भारतात जाणार असाल तर एक गोष्ट. आपण बरेच जण निघताना घराचा थर्मोस्टॅट 55 वर आणून जातो, पाइप गोठू नयेत इतपत. कासवासाठी सगळ्यात वाईट तापमान नेमकं हेच. पेटीतला दिवा एवढ्या थंड खोलीशी लढू शकत नाही, आणि बल्ब गेला तर तीन आठवडे कुणाला कळणारही नाही. एक तर घर 68 वर ठेवून रोज डोकावणारं कुणी शोधा, नाहीतर पेटी दिव्यांसकट मित्राच्या घरी हलवा. जो सांभाळणार त्याला जायच्या आधी दोनदा समोर उभं करून गांडूळ घालायला लावा. फोनवर ‘हो हो, करतो’ म्हणणारे ऐन वेळी डबा उघडायला कचरतात.

वसंतात पहिल्या उबदार दुपारी लगेच बाहेर सोडू नका. रात्रीचं तापमान सलग 60 च्या वर राहायला लागलं की आधी दिवसा काही तास, मग मुक्काम. आणि हिवाळाभर कंटाळलात म्हणून जवळच्या जंगलात तर अजिबात सोडू नका. ही कासवं आपल्या ठरलेल्या टापूतच आयुष्य काढतात. अनोळखी जागी सोडलं तर आपला टापू शोधत निघतात आणि रस्त्यावर गाडीखाली येतात. शिवाय पाळीव कासवाकडून रानाव्हायरससारखे विषाणूंचे रोग जंगलातल्या कासवांमध्ये पसरतात ते वेगळंच. नको असेल तर रेस्क्यू संस्था आहेत. नियमांचंही एकदा बघून घ्या. पूर्वेकडच्या बऱ्याच राज्यांत देशी बॉक्स टर्टल रानातून उचलायला बंदी आहे आणि काही ठिकाणी पाळीव ठेवायलाही परवाना लागतो. शेजाऱ्यांनी ते कुठून आणलं होतं, हे त्यांना फोन करून विचारा आणि ओहायोच्या वन्यजीव विभागाच्या साइटवर नियम वाचा.

आज रात्री एवढंच करा: ते घरात, 70 अंशांच्या खोलीत, मोठ्या प्लॅस्टिकच्या टबमध्ये ओलसर मातीवर ठेवा. उद्या सकाळी कोमट पाण्यात बसवा, वजन घ्या, नाक आणि डोळे नीट बघा. दिवे आणि पेटी या शनिवार-रविवारी झाली तरी चालेल. नाकाशी बुडबुडा दिसला, तर पेटीच्या आधी डॉक्टर.